मानाचा पहिला थांबा

गाड्या कुठल्या रस्त्याने जायच्या हे बावीस वर्षं मी ठरवत आलोय. आमच्या भाजी संघाच्या पाच गाड्या, एकशे तीस शेतकरी आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर एक काळा फळा. पहाटे चारला येऊन मी खडू उचलतो आणि कुठली गाडी कुठल्या शेतावर किती वाजता पोचणार ते लिहून टाकतो. दहा मिनिटांत फळा भरतो. लोक म्हणतात, याच्या डोक्यातच नकाशा आहे. मी म्हणतो, असेल बुवा, आणि चहा मागवतो. खोटं कशाला बोलू, हे ऐकायला मला आवडतं.

त्यामुळे अध्यक्षांनी जेव्हा सांगितलं की महिनाभर तुमच्या खोलीत एक बाई बसतील आणि गाड्यांचं गणित मांडतील, तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यात ती बाई म्हणजे माझी सख्खी भाची निघाली, ताईची मुलगी. जिला मी सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडलं, ती आता मला गाड्या सोडायला शिकवणार होती. शहरातल्या एका संस्थेत ती ऑपरेशन्स रिसर्च नावाचं काहीतरी करते.

"म्हणजे कुणाचं पोट फाडणार आहेस?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही, मामा. आहेत त्या गाड्या, आहेत ती माणसं, आहे तेवढा वेळ. त्यात सगळ्यात बरं काय जमेल ते शोधायचं. तू फळ्यावर करतोस तेच. मी फक्त मांडून करते."

"मग मी करतोय ना."

"करतोस की. म्हणून तर तुझ्या शेजारी बसायला आले."

उत्तर गोड होतं, पण मी काही विरघळलो नाही. शहरातल्या गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पण ती का आली होती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या शेडमध्ये माल उतरला की निवडणीच्या टेबलावर जातो. तिथे चांगला-वाईट वेगळा होतो आणि चांगला तेवढा थंड खोलीत जाऊन पुढे बाजारात जातो. डोंगरावरच्या वस्तीतून येणाऱ्या मटाराचे शंभरातले सव्वीस क्रेट या टेबलावर नापास होत होते. शेंगा मलूल, पिवळट, दाबल्या तर मऊ. एवढ्यासाठी गाडी डोंगरावर कशाला चढवायची, असं संचालकांचं म्हणणं होतं, आणि महिनाअखेरच्या बैठकीत वरची गाडी बंद करायचा ठराव येणार होता. वरच्या वस्तीत अकरा घरं आहेत. त्यातलं एक माझ्या ताईचं.

गाडी बंद झाली असती तर ताईला शेत सोडून खाली माझ्या घरी यावं लागलं असतं. माझी बायको तिच्यासाठी खोली रिकामी करायला एका पायावर तयार होती. पण ताई म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाणी पिताना पेला धुऊन परत देणारी बाई. तिला कुणाच्या घरात कायमचं बसवणं म्हणजे तिला मारणंच होतं. ती फोनवर एकदाच म्हणाली, "होईल ते होईल. तू मधे पडून वाईटपणा घेऊ नकोस."

भाची रोज चारला माझ्यासोबत यायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि बघायची. पहिले पाच दिवस तिने काहीच केलं नाही, नुसतं विचारलं. पण काय विचारलं! मी फळ्यावर एक ओळ लिहिली की लगेच, "हे असं का?" टोमॅटोची गाडी आधी का? कारण टोमॅटो निवडणाऱ्या बायका सातला येतात. तीन नंबरची गाडी पुलावरून का नाही? कारण पूल अरुंद आहे आणि शाळेच्या वेळेला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. असं करत करत तिने माझ्याकडून चौतीस नियम काढून घेतले. मला स्वतःला माहीत नव्हतं की माझ्याकडे चौतीस नियम आहेत.

मग ते एकाखाली एक लिहून तिने प्रत्येकासमोर एकच प्रश्न टाकला. ही अट आहे की सवय?

"म्हणजे?"

"पूल अरुंद आहे, ही अट. आपण काही केलं तरी तो रुंद होणार नाही. पण पाच नंबरची गाडी नेहमी डावीकडच्या शेतापासून सुरू करायची, ही सवय असेल. बघायला हवं."

"सवयसुद्धा उगाच लागत नाही," मी म्हणालो.

"नाहीच लागत. कधीतरी ती अटच असते. नंतर अट निघून जाते आणि सवय राहते."

हे वाक्य मला तेव्हा झोंबलं. आज विचाराल तर एवढं शहाणपणाचं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

आठव्या दिवशी तिने तिच्या संगणकातून दोन गाड्यांची आखणी काढली आणि अध्यक्षांच्या परवानगीने त्याच दिवशी राबवली. चांगलीच फजिती झाली. तीन नंबरची गाडी पन्नास मैल हिंडून अर्धी रिकामी परत आली. ड्रायव्हर मंडळी पोट धरून हसली. अध्यक्ष हसले नाहीत, ते जास्त वाईट.

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. शेतकरी आदल्या संध्याकाळी संघाच्या कचेरीत फोन करून किती क्रेट आहेत ते सांगतात, आणि तिने ते आकडे जसेच्या तसे घेतले होते. आता गाडीत जागा उरणार नाही या भीतीने आमच्याकडे प्रत्येक जण आकडा फुगवून सांगतो. भोपळेवाले आजोबा तीस म्हणाले की वीस समजायचे. कांदेवाली मावशी पन्नास म्हणाली की पस्तीस, आणि घरी पाहुणे आलेले असले तर तीसच. हे मी मनातल्या मनात वजा करत असतो. मला सकाळीच कळलं होतं की गाडी रिकामी येणार, आणि मी गप्प बसलो होतो. चांगला वागलो नाही. पण त्या दिवशी मला गंमत वाटली, हेही खरं.

ती माझ्यासमोर येऊन बसली. "मामा, तुला माहीत होतं?"

"तू विचारलं नाहीस."

मला वाटलं आता ही चिडणार, रडणार, निदान बॅग भरणार. तिने वही उघडली. "बरोबर आहे, नाही विचारलं. आता विचारते. एकशे तीस जण. कोण किती फुगवतो?"

संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो. मी नाव घेत होतो, ती आकडा लिहीत होती. मधे तिने दोनदा चहा आणला, आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा, मी न सांगता. शेवटी वरची वस्ती आली.

"ताईचं उलटं आहे," मी म्हणालो. "वीस सांगते आणि चोवीस निघतात. भाऊ गाड्या सोडतो म्हणून बहीण जागा अडवते, असं कुणी म्हणायला नको."

भाची लिहिता लिहिता थांबली. "आई कधीच पुरतं सांगत नाही," ती म्हणाली आणि पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात तिची आखणी पुन्हा राबवली आणि गाड्या भरून आल्या. एक आणि पाच नंबरच्या गाड्यांबद्दल ती अध्यक्षांसमोर म्हणाली, "या दोन गाड्यांच्या आखणीतून मला एक मिनिटही वाचवता येत नाही. मामांनी फळ्यावर जे लिहिलंय तेच संगणकातून येतंय." ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागले. मी उगाच खडू शोधला. आपल्या कामाची इतकी नीट पारख बावीस वर्षांत कुणी केली नव्हती, आणि केली ती माझ्यावर चिडायचा पुरेपूर हक्क असलेल्या पोरीने.

राहिली चार नंबरची, म्हणजे डोंगरावर जाणारी गाडी. तिचा ड्रायव्हर घाईराव. घाई त्याला जन्मात कधी झाली नाही, म्हणून हे नाव. भाचीने त्याच्या गाडीतल्या क्रेटांमध्ये शर्टाच्या बटणाएवढी यंत्रं टाकून ठेवली होती. माल किती गरम आहे ते ही यंत्रं दर दहा मिनिटांनी टिपून ठेवायची. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावलं. त्या दाराला कडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"मामा, वरच्या वस्तीचा थांबा पहिला का आहे?"

याचं उत्तर मी छाती फुगवून दिलं. अकरा वर्षांपूर्वी वरची वस्ती संघात आली तेव्हा मीच ते ठरवलं होतं. रिकामी गाडी सरळ वर जायची, पाचला तिथला मटार भरायची आणि मग उतरताना खालची तेरा शेतं घेत यायची. ताईचा थांबा सगळ्यात पहिला. मानाचा थांबा. मी हे चारचौघांत सांगायचो. भावाने बहिणीसाठी दुसरं काय करायचं? पहाटे पाचला मी न चुकता फोन करायचो, "ताई, गाडी आली का?" पहिल्या घंटीला ती उचलायची, "आली, भरतोय."

भाचीने एक कागद समोर ठेवला. त्यावर तापमानाची एक रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली.

"हा आईचा एक क्रेट. पाचला गाडीत चढला. मग तेरा थांबे, ताडपत्रीखाली. शेडवर अकराला आला. पण सगळ्यात आधी भरला म्हणून तो गाडीत सगळ्यात आत, आणि म्हणून उतरला सगळ्यात शेवटी. टेबलावर पोचला साडेबाराला. साडेसात तास, मामा. शेवटी भरलेले, मागच्या फाळक्याजवळचे भोपळे मात्र एका तासात थंड खोलीत."

भोपळा पंधरा दिवस ओसरीत पडला तरी त्याला काही होत नाही. मटाराला ऊन लागलं की तो तासातासाला उतरतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बावीस वर्षं भाजीत आहे. पण मी गाडी सुटलेली बघत होतो आणि गाडी आलेली बघत होतो, मधे आत काय होतं ते कधी बघितलं नव्हतं. उंटावर मीच बसलो होतो.

"मग वरची वस्ती शेवटी का नाही घेतलीस?" तिने हळूच विचारलं.

"भरली गाडी चढावर चढवायची नाही. नियम आहे."

"अट की सवय?"

 तो नियम माझ्या आधीच्या मुकादमाचा. त्यांच्या काळी एक भरली गाडी अशाच एका चढावर मागे घसरली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण ती जुनी इंजिनं आठ वर्षांपूर्वी भंगारात गेली. नव्या गाड्या आल्या, फळा तोच राहिला.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. सव्वीस क्रेट डोंगरामुळे नापास होत नव्हते, उन्हामुळे नाही, घाईरावामुळेही नाही. ते माझ्या मायेमुळे नापास होत होते.

"बाहेर कुणाला बोलले नाहीये मी," भाची म्हणाली. "आणि एकट्या तुझीच चूक नाही. चौदा थांबे किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात, माहितीय?"

"असतील शे-दोनशे."

"आठ हजार सातशे कोटींच्या वर. डोक्यात कुणाच्याच मावणार नाहीत."

तिने नवी आखणी दाखवली. सहाला गाडी निघेल, चढताना भोपळे, बटाटे, कांदे घेत जाईल. जे थांबू शकतं ते थांबेल. साडेनऊला वरचा मटार फाळक्याजवळ चढेल, तिथून कुठेही न थांबता गाडी खाली, आणि शेडवर तोच आधी उतरेल. डिझेल थोडं जास्त जाणार होतं, तेही तिने धरलं होतं. आखणीच्या वर अटी लिहिल्या होत्या. माझ्या चौतीसपैकी एकोणीस तिने ठेवल्या होत्या आणि खाली एक स्वतःची घातली होती: उजाडायच्या आधी तोडणी नाही.

"ही कशाला?" मी तिचंच अस्त्र उगारलं. "अट की सवय?"

"अट," ती म्हणाली आणि वही मिटली. दवात भिजलेली शेंग लवकर सडते, त्यासाठी असेल, असं मी धरून चाललो.

घाईरावाने कपाळाला हात लावला. "भरली गाडी वर? इंजिन बोंबलेल." पण चढला. त्या दिवशी मी खोलीत बसू शकलो नाही, फाटकाशी उभा होतो. पावणेअकराला गाडी आली. ताज्या मटाराच्या शेंगा मुठीत धरून चोळल्या की किरकिर वाजतात. टेबलावरच्या मुख्य बाईंनी पहिल्याच क्रेटमध्ये हात घातला, चोळल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "आज वाजतायत."

दहा दिवस हे चाललं. शंभरातले सव्वीस नापास व्हायचे, ते सहावर आले. गाडी आता लवकर येते म्हणून भोपळेवाले आजोबा दोन दिवस कुरकुरले, मग विसरले.

पण त्या दहा दिवसांत ताईने माझा एकही फोन उचलला नाही. पहिल्या दिवशी पाचला मी सवयीने फोन केला, तो वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही. घाईराव निरोप घेऊन गेला होता की आता तुमचा नंबर शेवटचा, आणि येताना तो सांगत आला की वस्तीत कुणीतरी म्हणालं, भावाने बहिणीला शेवटी ढकललं. मला जे समजायचं ते मी समजलो. दुपारी किंवा संध्याकाळी फोन करायला हवा होता, पण मीही तिचाच भाऊ. तिने उचलला नाही तर मी का वेळ बदलू? रोज पाचलाच करत राहिलो. भाचीला विचारलं, "आई काही बोलली का?" ती म्हणाली, "तिलाच विचार की," आणि वहीत तोंड घालून हसली. मला तिचा रागच आला.

बैठकीत भाचीने आकडे मांडले. ठराव मागे घेतला गेला. अध्यक्ष माझं अभिनंदन करायला लागले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं, सव्वीस क्रेट माझ्यामुळे वाया जात होते, ते या मुलीने शोधलं. भाची लगेच म्हणाली, मामाने एकशे तीस जणांची थाप मोजून दिली नसती तर माझी आखणी पहिल्याच दिवशी मेली होती. आम्ही दोघं भांडतोय की काय असं वाटून अध्यक्षांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाईरावाच्या शेजारी गाडीत बसलो. ताईकडे मी सणासुदीला, सुट्टीला गेलो होतो, पण माझ्याच आखणीवर गाडीतून कधी गेलो नव्हतो. तेरा थांबे घेत आम्ही साडेनऊला वर पोचलो. रस्त्याच्या कडेला सावलीत क्रेट लावून ठेवले होते. चोवीस. ताई शेजारी उभी होती. तिच्याकडे बघून मी जरा गोंधळलो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी तिच्या चेहऱ्याचाच भाग धरून चाललो होतो, ती फिकी झाली होती.

मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "ताई, अकरा वर्षं तुझा मटार माझ्यामुळे खराब होत होता. पहिला थांबा तुला मान म्हणून दिला आणि त्यानेच तुझं नुकसान केलं. तू रागावलीस ते बरोबर आहे. पण दहा दिवस फोन उचलत नाहीस, हे मला सहन होत नाही. शिव्या दे हवं तर."

ताईने पदराला हात पुसले. "किती वाजता करतोस फोन?"

"नेहमीसारखा. पाचला."

"रागावले नाही रे," ताई म्हणाली. "झोपलेली असते."

मला काही कळेना. तिने एक क्रेट उचलून घाईरावाकडे दिला आणि मग सांगितलं. पाचला गाडी भरायची तर दोनला उठावं लागायचं. डोक्याला बॅटरी बांधून शेंगा तोडायच्या. अकरा वर्षं, मटाराच्या हंगामात रोज.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगत फिरायचास, माझ्या ताईचा पहिला थांबा. इतका खूश असायचास. तुला कसं सांगणार, की मला थोडा उशिराचा दे?"

मी क्रेट उचलायला वाकलो, कारण चेहरा कुठेतरी लपवायला हवा होता. भाचीने खाली घातलेली ती एक अट कुणासाठी होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून तिने दोन वाजताची ती बॅटरी खिडकीतून पाहिली असेल. आईने कधी पुरतं सांगितलं नाही, ते मुलीने गणितात लिहिलं.

खाली आल्यावर मी फळा पुसला आणि चार नंबरच्या गाडीखाली सगळ्यात शेवटी लिहिलं: ताई, साडेनऊ. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला माझा हात सवयीने फोनकडे गेला. मी तो मागे घेतला आणि फोन खणात ठेवून दिला.